झाकलेली थापी

दगा मिस्तरींच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं तिसऱ्याला दगडाचं नाव ठेवलं. दगडाला कोण उचलून नेणार, अशी त्या माउलीची समजूत. म्हणता म्हणता त्या नावाचं दगा झालं, आणि मग जन्मभर बऱ्हाणपूरच्या शनवारा पेठेतली टवाळ माणसं म्हणत राहिली, "नाव दगा, पन मानूस ओळंब्यावानी सरळ!" ओळंबा म्हणजे गवंड्याची दोरीला बांधलेली शिशाची गोळी; ती वरून सोडली की भिंत सरळ आहे की कललेली, ते लगेच कळतं. मिस्तरींना ही तारीफ फार आवडायची. ऐकू आली नाही असं दाखवून ते ती पुन्हा एकदा ऐकून घ्यायचे.

ते गवंडी होते, पण घर बांधणारे नव्हेत, घराच्या आतले. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, बांधणारे निघून गेले की यांचं काम सुरू व्हायचं. चुन्याचा गिलावा करायचा, तो ओला असतानाच गारगोटीनं घोटायचा, इतका घोटायचा की नव्या नवरीनं भिंतीत पाहून कुंकू लावावं. त्या काळी इंग्रजांचं राज्य, बऱ्हाणपुरात कापसाचे व्यापारी आणि वकील यांच्या हाती पैसा खेळत होता, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात दिवाणखाना सजवायचं खूळ होतं. कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो शहाणपणाचा.

कारण दिवाणखाना काही एकट्या गवंड्याचा नसतो. त्यात सुतार आला, भिंतीवर वेलबुट्टी काढणारा चितारी आला, छताचं कापड शिवणारा शिंपी आला, हंड्याझुंबरं टांगणारा तांबट आला. पाच धंदे आणि पाच दिशांना तोंडं. मिस्तरी भिंत घोटून आरशासारखी करून जायचे, तर सुतार येऊन तिच्यात खुंट्या ठोकायचा. चितारी चार दिवस खपून मोर काढायचा आणि शिंपी नेमकी त्याच्या तुऱ्यावर झालर सोडायचा. मालक जो हाताशी सापडेल त्याच्यावर खेकसायचा. वर नागपूर-मुंबईचे ठेकेदार येत, याच पाच जणांकडून काम करून घेत आणि नाव स्वतःचं लावून जात. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

एकोणीसशे चोवीस साली दगा मिस्तरींनी या पाच तोंडांना एका सतरंजीवर बसवलं. ते काम भिंत घोटण्याहून अवघड होतं. दोन वर्षं ते दारोदार फिरले, शिव्या खाल्ल्या, चहा पाजला, आणि शेवटी शनवाऱ्यात एका खोलीवर पाटी लागली : 'गृहशोभा कारागीर मंडळ, बऱ्हाणपूर'. प्रत्येक धंद्याचा एक पंच. गवंड्यांचे दगा मिस्तरी, आणि तेच अध्यक्ष. चिताऱ्यांचे मोतीलाल, सुतारांचा सुकलाल, शिंप्यांचे भिकनभाऊ, आणि एक म्हातारे तांबट, जे कानानं अधू असल्यामुळे सगळ्यांशीच सहमत असायचे. नियम लिहून द्यायला शाळेतले प्रभाकर मास्तर.

नियम थोडे होते पण पक्के होते. कुणी आजारी पडला तर त्याचं अर्धं काम दुसऱ्यानं पुरं करायचं, आणि नाव मात्र आजाऱ्याचंच राहायचं. अमावास्येला हत्याराला हात लावायचा नाही ही कारागिरांची जुनीच चाल. त्या दिवशी दुपारी सगळ्यांनी मंडळात जमायचं आणि एकमेकांचा धंदा शिकायचा. गवंड्यानं रंग समजून घ्यायचा, चिताऱ्यानं लाकूड. आणि सगळ्यांत मोठा नियम कारभारीपत्राचा. एका घराच्या आतल्या कामाला एकच कारभारी. पाची धंद्यांनी त्याचं ऐकायचं. ज्याला पाची कामांतलं कळतं त्याला पंचांनी पारखून पत्र द्यायचं. या नियमाखाली मिस्तरींनी स्वतःच्या तोंडानं एक ओळ सांगितली आणि मास्तरांनी ती लिहिली : 'ज्यापाशी पत्र नाही, त्याच्या शब्दावर मंडळाचा कोणीही मनुष्य काम करणार नाही.'

त्या एका पत्रानं माणसं उभी राहिली, हे कबूल केलंच पाहिजे. सुकलाल सुतार जन्मभर खाली मान घालून रंधा मारत आलेला. मालकाशी बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. पत्र मिळालं आणि तोच सुकलाल खंडव्याच्या एका बड्या वकिलाला म्हणाला, "साहेब, हे कपाट इथं नही शोभत, मी नही बसवनार." वकील गप्प बसले. ती गोष्ट मंडळात महिनाभर पुरली.

मास्तरांनी सगळं लिहिलं. फक्त मत देण्याची रीत लिहिली नाही. ती लिहायची असते असं कुणाला वाटलंच नाही. पंच बसले की प्रत्येकानं आपलं हत्यार पुढ्यात ठेवायचं : थापी, कुंचला, रंधा, कात्री, हातोडी. विषय मान्य असेल तर हत्यार उचलून कपाळाला लावायचं. आणि मान्य नसेल तर? तशी वेळ सात वर्षांत आलीच नव्हती. जे काही भांडण व्हायचं ते आधी चहाच्या दुकानात होऊन जायचं. पण मिस्तरींना ते विचारायची गरज नव्हती. गवंड्याच्या पोराला ते पाळण्यातच कळतं. मालकानं अपमान केला, काम पटलं नाही, तर गवंडी तोंडानं बोलत नाही. थापीवर कापड टाकतो आणि बाजूला बसतो. थापी झाकली म्हणजे नकार, आणि तोही शेवटचा.

आता सरू. मिस्तरींची एकुलती एक मुलगी. तेराव्या वर्षी तुकईथडला दिली, अठराव्या वर्षी बाळंत झाली, मूल राहिलं नाही. वर्षाच्या आत तापानं नवराही गेला. एकोणिसाव्या वर्षी ती कपाळ मोकळं घेऊन शनवाऱ्यात परत आली आणि चार महिने कोपऱ्यात बसून राहिली. धुरपदाबाई, म्हणजे तिची आई, नवऱ्याला म्हणाली, "तिले कामावर घेऊन जा. चुना तरी कालवील. घरात बसून ती भिंत होऊन जाईन."

सरू चुना कालवायला गेली आणि आठवड्याभरात तिनं बापाला पहिली चूक दाखवली. एका घरात देवाचा कोनाडा मिस्तरींनी छातीइतक्या उंचीवर आखला होता. सरू म्हणाली, "बा, या घरात पूजा आजी करते. ती पाटावर बसते. तिले देवाचा मुकुट तेवढा दिसीन, पाय नही." मिस्तरी आधी चिडले, मग स्वतः पाटावर बसून पाहिलं, आणि मुकाट्यानं कोनाडा खाली घेतला. तिची रीतच ती होती. मोठी माणसं खोली उभ्यानं पाहतात, ती बसून पाहायची; जो त्या खोलीत राहणार त्याच्या जागी बसून. चुलीपाशी बसायची, हिशेबनीसाच्या गादीवर बसायची, आजाऱ्याच्या बाजेवर चक्क आडवी व्हायची. मग उठून सांगायची, दार इकडे उघडू द्या, ही भिंत पांढरी नको, दिवळी हातभर सरकवा. चार वर्षांत अशी वेळ आली की दगा मिस्तरींच्या नावावर होणारी निम्मी कामं सरूच्या डोक्यातून निघत होती, आणि ते मोतीलाल चिताऱ्यांपासून सगळ्यांना ठाऊक होतं. मोतीलाल तर तोंडावर म्हणायचे, "मिस्तरी, तुमची थापी आता तुमच्या पोरीच्या इशाऱ्यावर चालते!" मिस्तरी हसायचे. बाप म्हणून इतकं सुख त्यांना दुसऱ्या कशानं झालं नव्हतं.

एकतिसाव्या साली दोन गोष्टी एकदम झाल्या. शनवाऱ्याच्या बाहेर एका दानशूर बाईच्या देणगीतून बायकांचं सूतिकागृह उभं राहिलं आणि त्याच्या आतल्या कामाला कमिटीनं मंडळाकडे कारभारी मागितला. सरू एकदा ती रिकामी इमारत पाहून आली आणि आईला म्हणाली, "बाळंतीन भिंत नही पाहत माय, वरचं छत पाहते. घंटोगनती. मले ठावं हाय." धुरपदाबाईनं पदर तोंडाला लावला. आणि त्याच महिन्यात तुकईथडहून सरूचा दीर आला. सासूचं अंग लुळं पडलं होतं, घरात बाईमाणूस नव्हतं. तो काही वाईट बोलला नाही. "वहिनी, इथं पराया घरात पाट्या वाहण्यापेक्षा आपल्या घरी चला," एवढंच म्हणाला, आणि अमावास्येनंतर गाडी घेऊन येतो असं सांगून गेला.

त्या संध्याकाळी सरूनं बापापुढं ताट ठेवलं आणि सरळ विषय काढला. "बा, मले पत्र पाहिजे."

मिस्तरींचा घास हातातच राहिला. पत्र मागायला बाई येईल हे मंडळ काढताना त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग ते हसायला लागले. "अवं, पन तुले म्हनायचं काय? गड्याले कारभारी म्हनतात. बाईले कारभारीन म्हनलं त लोक इचारतीन, कोनाची बायको?"

"मले सरू मिस्तरीन म्हना, नही त काहीच नका म्हनू," ती म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं. "तुमी हाय तोवर तुमच्या नावानं माझं चालतं. तुमच्या मागं मले कोन इचारीन? तुमच्याच नियमानं माझ्या शब्दावर कोनी इट नही ठेवनार. पत्र भेटलं त दिराले मी नही म्हनून सांगते. नही भेटलं त..."

मिस्तरींनी तिचं नाव मास्तरांकडे देऊन टाकलं. रात्री त्यांनी धुरपदाबाईला सांगितलं की पत्रावर सरूचं नाव कसं दिसेल ते त्यांना आत्ताच दिसतंय. खरं सांगायचं तर त्यांचाच जीव त्या पत्रात जास्त अडकला होता.

अमावास्येच्या दुपारी मंडळाची खोली भरली. बायकांनी आत बसायची चाल नव्हती म्हणून सरू बाहेर ओट्यावर बसली. आत पाच हत्यारं सतरंजीवर मांडली होती. प्रभाकर मास्तरांनी अर्ज वाचला : सरूबाई, दगा मिस्तरी यांची कन्या, हिला कारभारीपत्र मिळावे. वाचून ते थांबले. मग मोतीलाल चिताऱ्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, नीट घडी केली आणि आपल्या कुंचल्यावर टाकला. त्यांच्याकडे पाहून सुकलालनं रंध्यावर रुमाल टाकला. भिकनभाऊंनी कात्री झाकली. म्हाताऱ्या तांबटांनी डोक्यावरची टोपीच काढून हातोडीवर ठेवली. चौघांनी झाकलं, आणि चौघंही खाली मान घालून बसले.

मिस्तरींनी एकेका झाकलेल्या हत्याराकडे पाहिलं. हे चौघं! ज्यांना त्यांनी एका सतरंजीवर आणलं, ज्या सुकलालच्या तोंडात त्यांनी जीभ घातली, जो मोतीलाल रोज पोरीची तारीफ करत होता! बाई आहे म्हणून? विधवा आहे म्हणून? विचारावं असं त्यांच्या मनात आलं, पण झाकलेल्या हत्याराला कारण विचारणं म्हणजे गवंड्यांत भीक मागण्यासारखं. तरी एक वाट होती. पंचांत फूट पडली तर अध्यक्षाचा शब्द शेवटचा, असा नियम होता. नुसती थापी उचलून कपाळाला लावायची, की पत्र झालं. त्यांचा हात पुढं गेलासुद्धा. आणि मग त्यांना शनवाऱ्यातलं बोलणं ऐकू यायला लागलं, जे अजून कुणी बोललंही नव्हतं : मंडळ मंडळ म्हनून नाचला, अन चौघं नही म्हनत असताना स्वतःच्या पोरीले गादीवर बसवलं. ओळंबा शेवटी घरच्या बाजूनं कलला! सरळपणाचा तोरा मोठा वाईट असतो. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. मिस्तरींनी खांद्यावरचा पंचा ओढला आणि आपल्या थापीवर टाकला.

मोतीलालनी दचकून वर पाहिलं. मास्तरांनी विचारलं, "मग काय लिहू?" मिस्तरी म्हणाले, "लिवा. पत्र नही."

बाहेर येऊन त्यांनी सरूला एवढंच सांगितलं, "चारी जनांनी झाकलं पोरी. माझ्या एकल्याचं काय चालनार?"

सरू बराच वेळ ओट्याच्या कडेकडे बघत बसली. मग उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "तुमचं मन तुमाले कायले खातं बा? तुमचं काय चुकलं?" उलट तिनंच बापाचा हात धरून त्याला घरी नेलं. धुरपदाबाईनं फार सांगितलं की राहा, आपल्या घरात काय कमी आहे. सरू म्हणाली, "माय, ज्या खोलीत मले बोलता येनार नही, त्या खोलीत मले चुना नही वाहता येनार." चौथ्या दिवशी दीर गाडी घेऊन आला. सूतिकागृहाचं काम नागपूरच्या एका माणसानं केलं. छताला त्यानं पांढरं कापड ताणलं आणि गेला.

गावात मिस्तरींची वाहवा झाली. पोटच्या पोरीलाही सूट दिली नाही, माणूस असावा तर असा! चहाच्या दुकानात अनोळखी माणसं उठून त्यांना जागा देत. मिस्तरींना ते बोलणं पहिल्यासारखं गोड लागत नव्हतं, पण त्यांनी ते थुंकूनही टाकलं नाही. माणूस धरायला काहीतरी शोधतो. त्या चौघांशी त्यांनी काम सोडून बोलणं टाकलं. मंडळ सोडलं नाही; दर अमावास्येला जायचे, पण मोतीलालच्या हातचा विडा त्यांनी पुन्हा घेतला नाही. मोतीलालही का ते विचारत नसत. वर्षातून एकदा संक्रांतीला ते तुकईथडला जाऊन सरूला तीळगूळ देऊन यायचे. ती सासूचं करायची, कापूस वेचायची, बापाला पाणी द्यायची. कामाविषयी दोघं बोलत नसत. अशी सात वर्षं गेली.

अडतिसाव्या साली पंचांच्या घरचं माणूस पत्रासाठी पुढं आलं. सरूनंतर अशी वेळ ही दुसरीच. मोतीलाल चिताऱ्यांचा पुतण्या यादव, हुशार पोरगा, पाची कामांत तरबेज. अमावास्येची दुपार, तीच खोली, तीच पाच हत्यारं. मास्तरांनी अर्ज वाचला. आणि सुकलालनं रंध्यावर रुमाल टाकला. भिकनभाऊंनी कात्री झाकली. तांबटांनी टोपी काढून हातोडीवर ठेवली.

मिस्तरींचा संताप उफाळून आला. सात वर्षांचा साठलेला संताप. मोतीलालविषयीचा राग क्षणात विसरून त्यांनी थापी उचलली आणि कपाळाला लावली, इतकी जोरात की चुना कपाळावर उमटला. "एक डाव मी गप बसलो," ते ओरडले, "आता नही बसनार! या पोरात काय खोट हाय ते सांगा, मंग झाका!"

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. मोतीलालनी शांतपणे आपला कुंचला उचलून कपाळाला लावला आणि म्हणाले, "द्या पत्र." त्याबरोबर सुकलालनं रुमाल काढला, भिकनभाऊंनी कापड काढलं, तिघांनी हसत हसत हत्यारं कपाळाला लावली.

मिस्तरींना काही उमगेना. "तुमी त झाकलं व्हतं," ते म्हणाले.

"अहो मिस्तरी," मोतीलाल समजुतीच्या सुरात म्हणाले, "सवाल माझ्या घरचा. माझ्या आधी हे कसे बोलतीन? आमच्या चिताऱ्यांत उस्तादाचा हात चालनार असला की बाकीच्यांनी आपला कुंचला झाकायचा. मतलब, तुमच्यापुढं आमचं हत्यार चालत नही, तुमी म्हना ते. मानाची रीत हाय ती. तुमी एकलेच न झाकता बोलले, पन मी वाईट नही मानलं. तुमी वडील."

"झाकनं म्हंजे मान?" मिस्तरींनी विचारलं.

"मंग? तुमच्या सरूच्या टायमाले आमी चौघांनी झाकलं नव्हतं का? मीच सांगितलं व्हतं या तिघांना, दारात. म्हनलं, मिस्तरींच्या घरचा मान हाय, पोरीले पत्र त्यांच्याच हातानं भेटू द्या. अन तुमी थापी झाकली. आमी हैरान! पन घर तुमचं, पोरगी तुमची, काही कारन असन. कोन इचारनार?"

सुकलालच्या ध्यानात सगळ्यांत आधी आलं. त्यानं कपाळावर हात मारला आणि "अरे देवा, गवंड्यांत त..." एवढंच म्हणाला. मिस्तरींनी थापी खाली ठेवली. ते रडले नाहीत. त्यांनी मास्तरांना वही उघडायला सांगितली. पाची जणांनी हत्यारं पुन्हा कपाळाला लावली, आणि मास्तरांनी सरूबाईचं पत्र लिहिलं. पाठीवर हात ठेवून मोतीलाल म्हणाले, "आत्ता जा. अजून तीस वर्षाची त हाय पोरगी. घेऊन या तिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाची एक रिकामी गाडी तुकईथडकडे परतत होती, तिच्यात मिस्तरी बसले. वाटभर ते मनात बोलणं जुळवत होते. सात वर्षांचं ओझं आता उतरणार होतं. मंडळानं आपल्या पोरीला नाकारलं नव्हतं, हे तिला कळलं की तिला किती बरं वाटेल! कुणीच तिच्या विरुद्ध नव्हतं. सगळे तिच्याच बाजूचे होते. बिचारीनं सात वर्षं उगीच मनात सल ठेवला. मिस्तरी भोळे नव्हते, पण माणूस आपल्या सुटकेच्या घाईत असला की त्याला दुसऱ्याचं काही दिसत नाही.

सरू अंगणात कापसाची बोंडं सोलत बसली होती. सासू आतल्या बाजेवर. बापाला अवेळी आलेला पाहून तिचा हात थांबला. "माय बरी हाय ना?"

"बरी हाय, बरी हाय," मिस्तरी म्हणाले आणि तिथंच तिच्यासमोर मातीत बसले. पत्र काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. यादवचा अर्ज, झाकलेली हत्यारं, चिताऱ्यांची रीत. "सरू, त्यांनी तुले नही म्हनलंच नव्हतं! मोतीलाल, सुकलाल, भिकनभाऊ, समदे तुले पत्र द्याले तयार बसले व्हते. चारी जन! तू सात वर्स..."

सरू पत्राकडे बघत होती. मग तिनं हळूच विचारलं, "चारी जन हाव म्हनत व्हते?"

"चारी!"

"अन नियम त असा व्हता ना बा, की पंच नही म्हनले तरी तुमचा शब्द शेवटचा?"

तो नियम तिला माहीत असेल हे मिस्तरींच्या कधी मनातच आलं नव्हतं. पण असणारच की. मास्तरांनी तो लिहिला तेव्हा माहेरपणाला आलेली तीच दिवा धरून उभी होती.

"मी त्या दिवशी ओट्यावर बसून इचार करत व्हते," सरू म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, आईला काही सांगावं तसा. "म्हनलं, बा एकला पडला. चौघांच्या पुढं जाऊन माझ्यासाठी बोलला असता त मंडळ फुटलं असतं. त्याचं जन्माचं मंडळ. म्हनून मी काही बोलली नही. सासूबाईनं एक डाव इचारलं, तुह्या बापानं तुले कायले धाडलं? मी म्हनलं, माझा बाप काय करीन, चार जन उलटे पडले. सात वर्स मी हेच म्हनत आली. कोनाले बी, अन मनाले बी."

"सरू," मिस्तरी म्हणाले.

आत सासूनं पाणी मागितलं. सरू उठली. उठताना तिनं पत्राची घडी केली, बापाचा हात हातात घेतला, तसाच, सात वर्षांपूर्वी त्याला घरी नेताना धरला होता तसा, आणि घडी त्याच्या तळव्यात ठेवून बोटं मिटवली.

"हे सांगाले नही यायचं व्हतं बा," ती म्हणाली. "कालपर्यंत मले चार परक्यांनी नही म्हनलं व्हतं."